प्रभुलिंग आप्पांची तोफ

जुळे सोलापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी प्रभुलिंग आप्पांची पिठाची गिरणी आहे. आत गेलं की आधी दिसतात ते डबे. सगळे एका रेषेत, कड्या एकाच बाजूला, तिरका एकही नाही. नवीन राहायला आलेली एखादी बाई डबा कसाही टेकवून जाऊ लागली, की आप्पा चालू दळण सोडून येतात, डबा ओळीत सरकवतात आणि मग परत आपल्या जागी जातात. ती बाई पुढच्या वेळी आपणहून डबा नीट ठेवते.

आप्पा तोफखान्यात हवालदार होते. अक्कलकोटच्या पलीकडच्या एका खेड्यातून, मिसरूड फुटायच्या आत भरती झाले आणि उभं तारुण्य तोफेपाशी घालवून परत आले. घरात कानडी, फौजेत हिंदी, गिरणीत मराठी. राग आला की तिन्ही एकदम. आता साठीला टेकलेत, अंग पिठानं पांढरं असतं, पण चालताना पाठ अशी, की समोरून येणारा उगाच बाजूला होतो.

गिरणी मुळात त्यांची नव्हे, त्यांच्या बायकोची. बजाअक्कांची. आप्पा जम्मूकडं, कधी राजस्थानात, आणि इकडं बजाअक्का दोन लेकरं सांभाळून गिरणी चालवायच्या. मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा पट्टा चढवायला, दगडाला टाकी लावायला त्याच असायच्या. आप्पा तेव्हा वर्षातून एकदा दिसायचे, हिरव्या ट्रंकेसकट. निवृत्त होऊन आले तसे ते गिरणीत शिरले आणि बजाअक्का बाहेरच्या बाकावर बसायला लागल्या. तिथून त्या आप्पांवर लक्ष ठेवतात. "फौजेनं इतकी वर्षं संबाळला," त्या म्हणतात, "आता माज्या गळ्यात घातलाय."

पोलीस भरती, फौज भरती करणारी आसपासची पोरं आप्पांना विचारल्याशिवाय काही करत नाहीत. माझी रेश्मा कॉलेजात एनसीसीत गेली, तेव्हा तिच्या बुटांना पॉलिश कसं करायचं ते आप्पांनी शिकवलं. बी.एस्सी. होऊन ती मुलाखतीत निवडली गेली आणि अधिकारी व्हायच्या प्रशिक्षणासाठी चेन्नईला निघाली, तेव्हा आप्पा स्टेशनवर आले होते. शेजारच्या मुमताजभाभींनी रेश्मासाठी शीरखुर्म्याचा डबा दिला होता. तो हातात धरून ते गाडी हलेपर्यंत सावधानमध्ये उभे राहिले.

त्या वेळी मी काळजीत होते, पण ती पेलण्याजोगी काळजी होती. मनाशी धरलं होतं, की पोरगी रसद नाही तर शस्त्रभांडार अशा कुठल्यातरी विभागात जाईल, टेबल असेल, पंखा असेल. गणवेश छान दिसेल. नणंदेनं विचारलंच होतं, "वैनी, हिला आता करून कोण घेणार?" त्याचंही मला तितकंसं लागलं नव्हतं.

मग पहिलं सत्र संपवून रेश्मा सुट्टीवर आली. उन्हानं रापली होती, केस कानापर्यंत, आणि ताटातली भाकरी मी दुसरी वाढायच्या आत संपवत होती. दुसऱ्याच दिवशी जेवताना म्हणाली, "आई, आता फौजेतला कुठला विभाग हवाय ते कळवायचं असतं. मी पहिली पसंती तोफखान्याला देणार आहे. मुलींना घेतात आता."

महेश्वरनी, म्हणजे तिच्या बाबांनी, नेहमीप्रमाणे "बघू" म्हटलं. टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझरकी करून त्यांना सगळीकडे "बघू" म्हणायची सवय लागली आहे.

"तोफखाना म्हणजे सीमेवर," मी म्हटलं.

"हो."

"म्हणजे लढाई झाली तर तुझ्यावर गोळे पडणार."

"आमचेही पडतील की त्यांच्यावर."

हसून म्हणाली. मला काही हसू आलं नाही. माझी भीती काही मोठी विचारपूर्वक नव्हती. बाईनं लढावं की लढू नये यावर मी कॉलेजात असताना वादविवाद स्पर्धेत बोललेय, दोन्ही बाजूंनी बोललेय. माझी भीती एवढीच, की माझी मुलगी मरेल.

तेव्हा मला आप्पा आठवले. कारण आप्पांचं या बाबतीतलं मत सगळ्या गल्लीला पाठ होतं. तोफखान्यात मुली अधिकारी झाल्याची बातमी आली, त्या दिवशी गिरणीत त्यांनी जाहीरच केलं होतं, "पोरींनी विमानं चालवावीत, डाक्टर व्हावं, माजं काय म्हननं न्हाई. तोफेवर न्हाई. तोफेवरची माणसं एका भांड्यात जेवत्यात, एका ताडपत्रीखाली झोपत्यात, शिव्या देत्यात. तितं पोरगी साहेब म्हणून आली की समदी सभ्य होत्यात. आन सभ्य माणसाच्यानं तोफ हलत न्हाई."

मी रेश्माला म्हटलं, "आप्पा म्हणतील ते ऐकशील?"

तिनं जरा विचार केला. आप्पांचं मत तिलाही माहीत होतं. "ऐकेन," ती म्हणाली. "ते नको म्हणाले तर नाही देणार. पण त्यांनी मला बघून सांगायचं. बातमी वाचून सांगितलेलं चालणार नाही."

शब्दाची ती पक्की आहे. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

तरी खबरदारी म्हणून मी संध्याकाळी एकटीच गिरणीत गेले. दळणाचं निमित्त होतंच. "आप्पा," मी म्हटलं, "रेश्मा उद्या येईल तुमच्याकडं. तिला तोफखान्याचं खूळ लागलंय. जरा घाबरवा तिला."

"घाबरवायचं कशाला?" आप्पा म्हणाले. "खरं सांगतो की. तेवढ्यानंच घाबरंल."

बाकावरून बजाअक्का म्हणाल्या, "रेश्माच्या आई, तुमी बी कुणाला सांगायलाय? मिठाईवाल्याला जाऊन म्हनायचं, पेड्याची निंदा कर."

त्या वेळी मी ते हसण्यावारी नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणी ऐन रंगात असताना लाईट गेली. पाच-सहा जणी थांबल्या होत्या, त्यात मुमताजभाभीही गव्हाचा डबा घेऊन. रेश्मा माझ्याबरोबर होती. दगड थांबले, गिरणी एकदम शांत झाली, आणि आप्पा पोत्यावर बसून हात झटकत म्हणाले, "बोल अव्वा. काय विचारायचंय?" लाडक्या पोरीला ते कानडीतलं अव्वाच म्हणतात.

"तोफेवर जाऊ का, आप्पा?"

आप्पांनी सुरुवात फार चांगली केली. माझ्या मनासारखी केली. गोळ्याचं वजन सांगितलं, ज्वारीच्या पन्नास किलोच्या कट्ट्याहून थोडंच कमी, आणि तो एकदा नाही, रात्रभर उचलायचा. थंडीत लोखंडाला बोट लावलं की कातडी सोलून निघते, ते सांगितलं. आंघोळीवाचून गेलेले आठवडे, उंदीर, अंगावरच्या उवा. रेश्माचा चेहरा गंभीर झाला. भाभी "या अल्ला" म्हणाल्या. मी मनातल्या मनात आप्पांना आशीर्वाद देत होते.

"आन आवाज!" आप्पा म्हणाले. "हा डावा कान बग. ह्यातनं काय सुद्धा ऐकू येत न्हाई. तोफेनं खाल्ला."

"कानात बोळे नव्हते?"

"व्हते की. पर बोळे घातले तर हुकूम कसा ऐकू येनार?"

"मग कसा ऐकायचा?" रेश्मानं विचारलं. "एवढ्या आवाजात नुसत्या कानानं तरी कसा कळणार?"

"हात बघायचा! हुकूम काय कानानं ऐकत्यात व्हय?" आणि आप्पा उठले.

ते उठले तिथंच माझं काम बिघडलं. पण हे मला नंतर कळलं.

"हितं तोफ," ते म्हणाले आणि थंड पडलेल्या गिरणीवर त्यांनी थाप मारली. "तोफेवरच्या माणसाला नाव नसतंय, नंबर असतंय. मी नंबर एक. सगळ्यांवर नजर ठेवनारा. भाभी, तुमी तीन नंबर, हितं उबं ऱ्हावा."

"आप्पा, लडाई बाद में करो जी, पैले मेरा आटा दो," भाभी म्हणाल्या, पण डबा उचलून जागेवर उभ्या राहिल्या.

"रेश्माच्या आई, तुमी चार. भाभींच्या हातात सामान द्यायचं. सांडायचं न्हाई."

मला चार नंबर केलं. माझ्याच मुलीला परावृत्त करायच्या कार्यक्रमात मी ज्वारीचा डबा घेऊन तोफेवर उभी राहिले. बाकीच्या दोघीतिघी दोन नंबर, पाच नंबर झाल्या. दोन नंबरच्या हातात झाडू दिला, तो नळी साफ करायचा दांडा. आप्पा प्रत्येकीला हात धरून जागेवर नेत होते, कुणी पाय चुकीचा ठेवला की ओरडत होते, "मागं! मागं व्हा! तोफ मागं उसळती, छाताड फोडंल!" आणि भाभी खरोखरच दचकून मागे झाल्या. एवढी वर्षं पीठ आणताना मी त्या माणसाला पाहिलं होतं, पण हे डोळे पाहिले नव्हते. बाहेरच्या बाकावर बजाअक्का पदरात तोंड घालून हसत होत्या.

"आन साहेब कुटं?" आप्पा गरजले. "साहेब तितं मागं, दारात. अव्वा, तू तितं उबी ऱ्हा. समद्या तोफा तुला दिसल्या पायजेत. हात वर केलास की आमी तयार. हात खाली आला की सुटला गोळा."

रेश्मा दारात गेली.

"आन ऐक," आप्पा थांबून म्हणाले. "नंबर एकचं एकच काम हाय. तोफ तयार असंल तर तयार म्हनायचं, नसंल तर न्हाई म्हनायचं. साहेब रागावंल, साहेबाला घाई असंल, दुश्मन डोक्यावर आला असंल. तरी तयार न्हाई तर न्हाई. आन तयार असताना न्हाई म्हनायचं, ते तर त्याच्याहून पाप. कळलं?"

"कळलं."

मग सामान हातोहात पुढं गेलं. डबा माझ्या हातून भाभींकडं, भाभींकडून पुढं. झाडूवाली बाई मध्येच खिदळत बाजूला सरली आणि झाडू खाली पडला. आप्पा तयार म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात दारातून रेश्मा म्हणाली, "नंबर एक, थांबा. दोन नंबर जागेवर नाही."

आवाज चढवला नव्हता तिनं. पण गिरणीत एकदम गप्प झालं. ती बाई झाडू उचलून मुकाट जागेवर गेली. रेश्मानं सगळ्यांकडं एकदा बघितलं, शेवटी माझ्याकडंही. ओळखीची खूण काही दिली नाही. मग तिनं हात वर केला.

आणि आप्पांनी टाचा जुळवल्या, छाती काढली आणि मोठ्यानं ओरडले, "तोफ तय्यार, साब!"

हात खाली आला. गोळा काही सुटला नाही. पण "साब" हा शब्द सगळ्यांनी ऐकला होता. भाभी म्हणाल्या, "क्या बोले आप्पा, साब?" आणि सगळ्याजणी हसत सुटल्या. आप्पांचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. "जावा, जावा समद्या," ते म्हणाले. "लाईट आल्यावर या. गिरणी हाय का तमाशा हाय?" रेश्माकडं न बघता ते मागच्या खोलीत निघून गेले. तोफेवर जावं की नाही, ते सांगायचं राहिलंच.

पुढचे काही दिवस आप्पा आमच्याशी धड बोलले नाहीत. दळण द्यायचे, पैसे घ्यायचे. मी एकदा धीर करून विचारलं, "सांगताय ना तिला?" तर म्हणाले, "इचार चाललाय." रेश्मा मात्र पहाटे धावायला जायची, दिवसभर लोळायची, मागून मागून शेंगाचटणी खायची. तिची सुट्टी संपत आली होती.

खंडेनवमीला गिरणी बंद असते. आप्पा आदल्या दिवशी पट्टा उतरवतात, सगळं पुसून तेल देतात, झेंडूच्या माळा घालतात. त्या सकाळी त्यांनी आम्हाला तिघांनाही बोलावणं धाडलं. गेलो तर गिरणी अशी लखलखीत, की हात लावायला संकोच वाटावा. आप्पा धुतलेलं धोतर नेसून पूजेचं ताट घेऊन उभे होते.

"आमच्या तोफेची पूजा आमीच करायचो," ते रेश्माला सांगू लागले. "साहेबाची मेमसाब बी न्हाई, पंडित बी न्हाई. जो चालवतो, त्यानंच कुंकू लावायचं. तसा रिवाज व्हता आमच्यात."

"असं व्हय?" बजाअक्का दारातून म्हणाल्या.

आप्पांनी वळून बघितलं.

"तुमी जम्मूला व्हता तवा ही गिरणी कोण चालवत व्हतं? पट्टा कोण चढवत व्हतं? एकदा पदर गुतला तर मरता मरता वाचले. आन खंडेनवमीला कुंकू लावायला मात्र माजा दीर यायचा, सिद्धलिंग, दोन यष्ट्या बदलून. त्याला गिरणीचं बटन कुटं हाय ते बी ठावं न्हवतं. कुंकू लावायचा, पुरणपोळी खायाचा आन जायाचा. बाईमानसानं लावायचं न्हाई म्हनं."

हे त्या चिडून बोलत नव्हत्या. भाजी महागली असं सांगावं तसं सांगत होत्या. महेश्वर छताकडं बघायला लागले.

आप्पांनी ताट त्यांच्यापुढं धरलं.

"आता कशाला?" अक्का म्हणाल्या. "आता गुडघं वाकत न्हाईत माजं."

"बजा, लाव."

"ताट खाली धरा मग. किती उंच धरलंय, साहेबाला देताय का काय?"

आप्पांनी ताट खाली धरलं. अक्कांनी दगडाला कुंकू लावलं, पट्ट्याच्या चाकाला लावलं, आणि मग भिंतीपाशी जाऊन बटनाला लावलं, जरा जास्तच. नारळ आप्पांनी फोडला.

खोबरं वाटून झाल्यावर आप्पा रेश्मासमोर येऊन उभे राहिले.

"अव्वा, मला पटत न्हाई," ते म्हणाले.

मी श्वास सोडला.

"अजून बी पटत न्हाई. पोरीच्या जातीनं रक्तात आन चिखलात का जावं, मला समजत न्हाई. तू माजी पोरगी असतीस तर मी सोडली नसती. पर तू मला काय इचारलंस? मला पटतंय का, असं न्हाई इचारलंस. तोफेवर जाऊ का, असं इचारलंस. त्या दिवशी दोन नंबर जागेवर न्हवता, ते मला दिसायच्या आदी तुला दिसलं. माजं पटनं येगळं आन तुजं जमनं येगळं. तुला जमतंय. मी नंबर एक व्हतो. तयार असताना तयार न्हाई, असं माज्या तोंडातनं निघनार न्हाई. जा."

रेश्मा त्यांच्या पाया पडायला वाकली तर त्यांनी वाकू दिलं नाही.

मी घरी जाऊन भांडी जरा जोरात आपटली. संध्याकाळी न राहवून परत गेले आणि आप्पांना म्हटलं, "मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"तुमी घाबरवा म्हनला. मी खरं सांगतो म्हनलो," आप्पा म्हणाले. "जे म्हनलो ते केलं."

"तिला काही झालं म्हणजे?"

बजाअक्कांनी मला हाताला धरून बाहेर बाकावर नेलं. "मी सांगते," त्या म्हणाल्या. "भ्या जात न्हाई. कुणी जातं म्हनलं तर इस्वास ठेवू नका. लढाई लागली तवा शेजारी बातम्या लागायच्या रेडिओवर. मी काय करायची? बातम्या लागल्या की गिरणी चालू करायची. दळण असो नसो. नुसती खडखड. त्यात काय सुद्धा ऐकू येत न्हाई."

"मग कळायचं कसं?"

"पत्र आलं की कळायचं. न्हाई आलं तरी सकाळी बाया डबं घेऊन यायच्याच की. त्यांचं पीठ कोण देनार?"

रेश्मा गेली. या वेळी स्टेशनवर मी रडले, पण गाडी हलल्यावर.

हे सगळं आज लिहायला बसले, कारण संध्याकाळी तिचा फोन आला. महेश्वर झोपलेत, मला झोप नाही. तोफखाना मिळाला. ती फोनवर ओरडत होती, मागे तिच्या मैत्रिणी ओरडत होत्या, आणि मी "हो गं, हो गं" म्हणत होते. महेश्वर "बघू" न म्हणता थेट पेढे आणायला गेले. मी पेढ्यांचा पुडा घेऊन गिरणीत गेले. का कोण जाणे, पण माझी पावलं हलकी होती. भीती होती तिथंच होती, तिच्याशेजारी आणखी काहीतरी येऊन बसलं होतं.

बजाअक्का बाकावर होत्या. त्यांनी अर्धा पेढा खाल्ला, उरलेला माझ्या तोंडात घातला आणि सरकून मला जागा केली. "बसा," त्या म्हणाल्या. "आता तुमी आमच्यातल्या झाला की."

मी बसले. आत दळण चालू होतं. आप्पांना खुणेनंच पेढा दाखवला, तशी त्यांनी गिरणीच बंद केली. चालू दळण मध्ये बंद केलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. दगड थांबेपर्यंत ते दारात आले, उजवा कान पुढं करून.

"मिळाला," मी म्हटलं. "तोफखाना."

आप्पांनी मान हलवली. पिठाचा हात तोंडावरून फिरवला. मग एकदम म्हणाले, "तोफ कुठली?"

"म्हणजे?"

"म्हंजे तोफ कुठली? तोफा काय एकच असत्यात व्हय? कुठल्या रेजिमेंटला गेली, तोफ कुठली, हे आदी इचारायचं असतंय! तुमी काय इचारलंत मग इतका येळ?"

"जेवलीस का, ते विचारलं."

"जेवलीस का!" आप्पा बजाअक्कांकडं बघून म्हणाले. "ऐकलंस? तोफ मिळाली पोरीला, आन ह्या इचारत्यात, जेवलीस का!"

बजाअक्का म्हणाल्या, "मग? जेवली का?"

"जेवली," मी म्हटलं. "राजमा होता म्हणे."